तिसऱ्यांदा उतरलेली कॅप

अमरावतीच्या आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये चूक झाली की डोक्यावरची कॅप उतरायची. ढोमणे मॅडम ती भर वॉर्डात, पेशंटांसमोर काढून घेत आणि पोरीला दाराशी उभं करत. वर म्हणत, "बघा, ही तुमची सिस्टर!" शिकवायची ही कुठली तऱ्हा, देव जाणे. तिसऱ्यांदा कॅप उतरली की घरून वडिलांना बोलावणं जायचं. गजालाची दोनदा उतरली होती.

गजाला माझ्याच बॅचची, तिवशाची. वडील शफीकचाचा गाद्या भरायचे. चांदूर रेल्वेचं एक स्थळ तिच्यासाठी अडून बसलं होतं आणि शिक्षण पुरे झालं म्हणून सगळे नातेवाईक चाचांच्या मागे लागले होते.

"अब्बाले इथं बोलावलं ना प्रणाली, तं माहं शिक्षण संपलंच समज," ती मला म्हणायची.

कपाशीवर फवारणी चालू होती. त्या वर्षांत आमच्या वॉर्डात विषबाधेच्या खाटा रिकाम्या राहतच नव्हत्या. कुणी जिवाला कंटाळून औषध प्यालेला, तर कुणाच्या फवारता फवारता नाकातोंडात गेलेलं. मोतीराम हा दुसऱ्यातला. तो गजालाचा पेशंट होता.

त्या सकाळी तिने त्याचं मनगट धरलं, सोडलं, दुसरं धरलं. मग माझ्याकडे बघितलं. "नाडी लागून नाही राहिली वं."

"मॅडमले सांग."

"मलेच पाहता येत नाही म्हणतीन."

खरंच म्हणाल्या असत्या. म्हणून तर नाडी सापडली नाही की ऐंशी सांगून मोकळं व्हायचं, अशी आमच्या बॅचमध्ये रीतच पडली होती. एवढ्यात मॅडम आल्याच. "नाडी किती?"

गजालाचे ओठ हलले. ऐंशीच म्हणेल असं मला वाटलं.

"लागत नाही, मॅडम."

"दुसऱ्या वर्षाला आलीस आणि नाडी लागत नाही?" मॅडमनी आधी तिची कॅप काढली, तिला दाराशी पाठवलं आणि मग मोतीरामचा हात धरला. थोड्या वेळाने दुसरा धरला. त्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टरांना बोलवा!" त्या ओरडल्या.

डॉक्टर धावत आले. इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन लागला. आम्हा पोरींच्या जिवात जीव नव्हता. शेवटी नाडी आली. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "अरे, लगेच का नाही सांगितलं कुणी?"

"भीती वाटली, सर," दारातून गजाला म्हणाली.

कशाची, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. मॅडमच्या हातात कॅप होतीच.

एवढं होऊनही बोलावणं गेलंच. दुसऱ्या दिवशी शफीकचाचा एसटीने आले. गजाला त्यांच्या मागे उभी राहिली. मॅडमनी तिच्या तिन्ही चुका सांगितल्या, उलट बोलते हेही सांगितलं. चाचांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

"तो माणूस वाचला का?" त्यांनी विचारलं.

"वाचला," मॅडम म्हणाल्या.

"मंग मले कायले बोलावलं, म्याडम?"