कोकम सरबताच्या बाटलीतलं पाणी

महाडला असताना मी एका निरपराध माणसाला त्याच्या गावासमोर बेड्या घातल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते प्रकरण अजून मनातून उतरलेलं नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. भर उन्हाळा होता आणि नदी आटून बारीक धार आणि जागोजागी डोह तेवढे उरले होते. सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावात डोहातले मासे मरून वर आले होते आणि ते पाणी प्यायलेल्या दोन म्हशी दगावल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा म्हशींचा मालक काठावरच बसला होता. "साहेब, ह्ये माज्या चुलतभावाचं काम हाय," तो म्हणाला. "आठ दिसांमागं सगळ्यांसमोर बोललाय, तुजी गुरं परत माज्या मळ्यात दिसली तर जित्ती ठेवनार नाय."

चुलतभाऊ पन्नाशी ओलांडलेला, अबोल शेतकरी. बांधावरून दोघांचं जुनं भांडण. त्याच्या पडवीत कीटकनाशकाची अर्धी बाटली सापडली. धमकी दिल्याचं त्याने नाकारलंही नाही. "रागात बोललो साहेब. पन मुक्या जनावराला विष कोन घालंल?" एवढंच म्हणाला. मला धमकी मिळाली होती, बाटली मिळाली होती. अर्ध्या तासात बेड्या घालून त्याला गाडीत बसवला. सगळा गाव बघत होता.

गुरांच्या डॉक्टरांनी म्हशींची तोंडं आतून भाजल्याचं सांगितलं होतं. कीटकनाशकाने तसं होत नाही. मी ते ऐकलं, केस डायरीत लिहिलं आणि विसरलो. माणसाची खात्री एकदा पटली की कानांवर पडलेलं आत जात नाही.

दुसऱ्या दिवशी पंचनामा करून डोहाचं पाणी एका प्लॅस्टिकच्या डब्यात भरलं आणि मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवलं. काही दिवसांनी तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंचा फोन आला.

"पाण्यात कीटकनाशक नाही," त्या म्हणाल्या. "प्लॅस्टिक मऊ करायला जे तेलकट रसायन वापरतात, ते आहे. पण तुम्ही नमुना प्लॅस्टिकच्या डब्यात दिलाय. ते तुमच्या डब्यातूनच उतरलं असं उद्या कोणीही म्हणेल."

"मग आता?"

"काचेतला नमुना लागेल. आणि पाणी वाहून गेलं असेल तर तळाचा गाळ आणा. तेल गाळात टिकतं."

आरोपी तोवर जामिनावर सुटला होता, पण गावात त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. ठाण्यात त्याची बायको दोनदा येऊन गेल्याचं हवालदाराने मला त्या दिवशी सांगितलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला बसायला सांगितलं. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली काढली. कोकम सरबताची, घट्ट बूच लावलेली.

"त्या सकाळचं पानी हाय," ती म्हणाली. "धुनं धुवायला गेली तं हाताला तेलावानी लागलं, आग झाली, वास पन उग्र. ग्रामसेवकाला दाखवायला भरून ठेवलं. तवर तुमी ह्यांनाच नेलंत. मंग माजं कोन ऐकनार?"

बाटली आणि काचेच्या बरण्यांत भरलेला गाळ घेऊन मी स्वतः मुंबईला गेलो. बाईंनी सोप्या शब्दांत समजावलं. बाटलीतलं पाणी जहाल आम्लाचं होतं, म्हशींची तोंडं त्यानेच भाजली. डोहातलं आम्ल नंतर वाहून गेलं. तेल मात्र गाळात बसलं, आणि तिथल्या सूक्ष्म जीवांनी त्याचे तुकडे पाडायला सुरुवात केली होती. बाटलीत रसायन जवळजवळ अख्खं होतं, गाळात निम्मं मोडलेलं. "डब्यातून उतरलेलं असतं तर हे मोडके तुकडे एवढे मिळाले नसते," त्या म्हणाल्या. "हे नदीतच मुरलंय. असा माल जिथे बनतो तिथे चौकशी करा."

तसा कारखाना वसाहतीत एकच होता. व्यवस्थापकाने चहा मागवला आणि आपलं सगळं सांडपाणी टँकरने शुद्धीकरण केंद्रावर जातं असं सांगितलं. फाटकावरच्या वहीत त्या पहाटे टँकर बाहेर पडल्याची नोंद होती. केंद्राच्या वहीत तो पोचल्याची नोंद नव्हती.

टँकरचा चालक बिरवाडीत खोली घेऊन राहायचा. त्याला ठाण्यात आणला. दोन तास तो एकच सांगत होता, गाडी बंद पडली होती. तो लंगडतोय हे माझ्या लक्षात आलं.

"बूट काढ," मी म्हणालो.

त्याने हळूच बूट काढला. पाऊल घोट्यापर्यंत भाजलेलं होतं, वर हळद थापलेली.

"दवाखान्यात का नाही गेलास?"

"गेलो असतो तर इचारलं असतं कशानं भाजलं," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. केंद्रावर रांग होती, टँकरचा ठेकेदार म्हणाला नदीवर खाली कर आणि लवकर परत ये. नळी सुटून सांडपाणी पायावर उडालं होतं.

चालक आणि ठेकेदारावर खटला झाला. मालकापर्यंत मी पोचू शकलो नाही. त्याआधी माझी बदली झाली.

बदलीपूर्वी चुलतभावाचं नाव गुन्ह्यातून वगळल्याचा कागद घेऊन मी गावात गेलो. तो गावात नव्हता. लोकांच्या नजरा सोसेनात म्हणून पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणला, लेकीकडे जाऊन राहिला होता. मी वर गेलो. तो नाचणीच्या शेताची बांधबंदिस्ती करत होता. मी कागद पुढे केला आणि माफी मागितली.

त्याने कागद उलटसुलट पाहिला. "साहेब, ह्यो मला कशाला? मला ठाऊकच हाय मी केलं नाय. गावाला वाचून दाखवा."

दोन दिवसांनी तो खाली आला. देवळासमोर पोलीस पाटलाने दवंडी देऊन माणसं बोलावली आणि मी गणवेशात उभा राहून कागद वाचला. म्हशींचा मालक मान खाली घालून उठला, चुलतभावापाशी गेला. नुसता त्याचा हात धरला.

निघताना चुलतभाऊ मला गाडीपर्यंत पोचवायला आला. "तुमी मला नेलंत तवा गाव आपसूक जमला व्हता," तो म्हणाला. "आज दवंडी द्यावी लागली."

पुढे नोकरीत मी अनेकांना अटक केली. पण बेडी हातात घेतली की आधी स्वतःला एकच विचारायचो, आपण ऐकून विसरलेलं काही आहे का? त्यामुळे काही वेळा उशीर झाला, वरिष्ठ रागावले. उशिराबद्दल मला कधी कोणाच्या दारात जाऊन माफी मागावी लागली नाही.