सही झालेल्या सहा पाट्या

गुरुवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. वाळूजमधल्या पाट्यांच्या कारखान्यात कालिंदी राजूरकर चौतिसाव्या पाटीचं प्रूफ तपासत होत्या, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. उलट वाचलं की अर्थ आड येत नाही, नुसती अक्षरं दिसतात. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना त्यांनी प्रश्नपत्रिका अशाच तपासल्या.

निवृत्तीनंतर मालक श्रीनिवास यांनी त्यांना बोलावलं ते मुख्यतः एका चिन्हासाठी. इंग्रजीत मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी. कामगार एक असेल तर तो ‘एस’च्या आधी, अनेक असतील तर नंतर. ‘विमेन’ मुळातच अनेकवचनी, म्हणून तिथे पुन्हा आधी. कंपन्यांत परदेशी पाहुणे येतात. चुकलेल्या पाट्या परत येत. पॅकिंगचं काम करणाऱ्या गीताबाईंनी एकदा ते चिन्ह रंगाचा शिंतोडा समजून नखाने खरवडलं होतं. तेव्हापासून नियम झाला: प्रूफावर कालिंदीबाईंची सही झाली की पाटीबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

‘बाई, एक इचारू?’ गीताबाई टेबलाशी आल्या. हातात कालच्या ऑर्डरची फाइल. ‘ह्या नकाशात दार उजव्या अंगाला हाय. पाटीवरला बाण डावीकडं कसा?’

सहा पाट्या होत्या, एका कंपनीच्या रंगकामाच्या नव्या शेडसाठी. कामगारांचा बाहेर पडण्याचा मार्ग. सहाही ठिकाणी अपॉस्ट्रॉफी अचूक, प्रूफाखाली सही. डिझाइन जुन्या शेडच्या पाटीवरून उचललेलं. त्या शेडचं दार डावीकडे. नव्या शेडमध्ये डावीकडे भडकन पेट घेणाऱ्या थिनरची खोली आहे. नकाशा प्रूफाच्या मागे टाचलेला होता. कालिंदीबाईंनी पान उलटलं नव्हतं.

‘कालच का नाही विचारलंत?’

‘तुमची सही व्हती की. मागं खरवडलं तवा सायेब लई बोलले.’

श्रीनिवास यांनी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन लावला. पाट्या आज सकाळीच शेडमध्ये बसल्या होत्या.

‘मॅडमनी तपासल्यात ना? मग अडचण काय?’ अधिकाऱ्याने विचारलं.

‘बाण चुकलाय. निदान झाकून तरी ठेवा,’ कालिंदीबाई फोनकडे वाकून म्हणाल्या.

‘पाटी नसेल तर शेड सुरू करता येत नाही, मॅडम. उद्या माणूस पाठवा, बदलून घेऊ.’ फोन बंद झाला.

संध्याकाळी सातपर्यंत नव्या सहा पाट्या तयार झाल्या. या वेळी कालिंदीबाईंनी त्या सरळ वाचल्या, नकाशा शेजारी ठेवून. सही करायला त्यांना वेळ लागला.

‘सकाळच्याला पोचत्यान ना?’ पाट्या गुंडाळताना गीताबाईंनी विचारलं. श्रीनिवास गेटपासचा फॉर्म भरत होते.

नव्या शेडची पहिली पाळी उद्या सकाळी सातला सुरू होते. त्रेसष्ट कामगार, सगळे या महिन्यात भरती झालेले. बाहेरच्या माणसाला कंपनीच्या गेटवर दहानंतरच आत सोडतात.