शुगरच्या पायाला मायाळू

हे आजपर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, बहिणीपुढे नाही. आमच्या बिल्डिंगीत मला मोठ्या मनाचा माणूस म्हणतात. ते ऐकलं की माझ्या अंगाची लाही लाही होते — आणि तरी मी हसून मान हलवतो. कसल्या माणसाचं ऐकतोयस, ते आधीच कळलेलं बरं.

बिल्डिंग विक्रोळी पूर्वेची. जुनी, प्रत्येक मजल्यावर लांबलचक गॅलरी. आम्ही पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर आमच्या डोक्यावर कांताताई. परभणीकडची बाई. नवरा लवकर गेला, मुलीला एकटीने शिकवलं, लग्न करून दिलं. पालिकेच्या एका हॉस्पिटलात आयाचं काम करायची. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात तिने मायाळू लावला होता. सुतळीला धरून तो वेल थेट गच्चीपर्यंत गेला होता — जाड गुळगुळीत पानं, लालसर देठ, बोटं रंगवणारी जांभळी फळं. ती शेंडे खुडत राहायची आणि तो आणखी फुटत राहायचा. अर्ध्या बिल्डिंगीची भाजी त्यावर व्हायची. तोंड आलं, अंगात उष्णता झाली, गळू आलं, की जो तो कांताताईच्या दारात. दिवेलागणीनंतर मात्र ती पान तोडायची नाही. संध्याकाळी मागितलंस तर सकाळी कामावर जाताना पिशवी तुझ्या कडीला अडकवून जायची.

आणि हेही आताच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिचा कच्चा पाला सगळ्यांना चालायचा. त्याच पाल्याची तिने शिजवून आणलेली भाजी — ती नाही चालायची. कांताताई बौद्ध. तोंडावर कुणी काही बोलत नसे. आज उपास आहे, आत्ताच जेवलो, ठेवा ना, नंतर घेतो. आमच्या घरातही तेच. आई मालवणची, जुन्या वळणाची, असं म्हणून मी सोडून द्यायचो. मी कुठल्या वळणाचा होतो? कंपनीत सुपरवायझर, शिकला-सवरलेला. तो डबा मोरीत रिकामा होताना बघितलाय मी. एकदा नाही, कितीतरी वेळा.

तर, आईला शुगर होती. एकदा नव्या चपलेने करंगळीजवळ फोड आला, फुटला. दुखत नाही म्हणाली. शुगरच्या माणसाला दुखत नाही, हीच तर भानगड असते — आणि मला ते ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं, पायाला एवढंसं जरी काही झालं तरी त्याच दिवशी घेऊन या. डॉक्टर बसायचे संध्याकाळी सहा ते नऊ. आणि त्या दिवसांत सहा ते नऊ मला प्रॅक्टिस असायची.

कसली प्रॅक्टिस? कॅरमची. कंपनीतल्या डिपार्टमेंटांच्या मॅचेस होत्या आणि मी डबल्समध्ये होतो. पन्नाशी ओलांडलेला घोडा, सोंगट्या मारत बसायचो आणि घरी आईचा पाय चिघळत होता. बायको महिनाभर माहेरी, तिच्या वडिलांच्या आजारपणात. म्हणजे घरात मीच होतो. फक्त मी.

मी काय केलं? गॅलरीतून वर हाक मारून मायाळूचा पाला मागितला. सकाळी कांताताई पिशवी घेऊन आली. दार उघडंच होतं. तिने सहज विचारलं, भाजीला ना? मी म्हटलं, नाही, आईच्या पायाला. पान गरम करून, तूप लावून बांधतात ना गळवाला, तसं.

तिने पिशवी मागे घेतली. "दादा, शुगरच्या पायाला पाला नका बांधू. आमच्या वॉर्डात रोज बघते मी. आजच डॉक्टरकडे न्या. नाहीतर मीच नेते, सुट्टी टाकते मी."

स्वतःची सुट्टी टाकायला तयार होती ती. ऐकतोयस ना?

मी म्हटलं, बरं बरं, नेतो संध्याकाळी. पिशवी द्या, भाजी करतो. तिने दिली. ती जिना उतरून गेली आणि मी तव्यावर पान गरम केलं.

आठ दिवस बांधलं. रोज सकाळी नवं पान. आई निमूट पाय पुढे करायची. आठव्या दिवशी तिला ताप भरला, आणि फडकं सोडल्यावर जो वास आला — तो अजून माझ्या नाकातून जात नाही. हॉस्पिटलात दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला हेच नशीब, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आमची टीम त्याच आठवड्यात पहिल्या फेरीत हरली. हे कशाला सांगतोय? कारण मला त्याचंही वाईट वाटलं होतं. आईच्या खाटेशेजारी बसून मी एका चुकलेल्या क्वीनचा विचार करत होतो.

माझी बहीण शैला मालाडहून धावत आली. पहिलाच प्रश्न — हा पाला बांधायला तुला सांगितलं कुणी?

"कांताताईने."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. हे नाव घेतलं तर कुणी पुन्हा विचारणार नाही, हे मला कुठेतरी पक्कं माहीत होतं. आणि तसंच झालं. शैला दुसऱ्या दिवशी घरी आली ती तडक वर गेली. नको नको ते बोलली. सगळी गॅलरी बाहेर आली. कांताताई एवढंच म्हणाली, "मी नको म्हणाले होते. दादांना विचारा की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक शब्द बोलायचा होता. एक! त्याऐवजी मी काय बोललो माहितेय? "जाऊ दे गं शैला. त्यांनी भल्यासाठीच सांगितलं असेल. झालं ते झालं."

मी तिला माफ केलं. चारचौघांत. जी चूक तिने केलीच नव्हती, ती तिला बहाल करून वर माफ केलं! खालच्या काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या मनाचा आहेस बाबा, म्हणाले. तिथून ते सुरू झालं.

त्या लोकांचाही मला संताप येतो. वर्षानुवर्षं तिची पानं ओरबाडून नेणारे, आणि एका दुपारीत सगळ्यांना आठवलं — आयाच ती, तिला औषधातलं काय कळतंय. कुणी एकाने तरी विचारायचं होतं, की रोज असल्याच जखमा बघणारी बाई असं सांगेल कशी? कुणाला विचारायचंच नव्हतं. आणि खरं सांगू, मला तिचाही राग यायचा. ओरडली का नाहीस? माझी कॉलर का नाही धरलीस? असला राग. खोटं मी बोलायचं आणि ते उघडं पाडायचं कामही तिनेच करायचं!

दोन दिवसांनी तिने वेल कापला. सकाळी, कामावर जायच्या आधी, स्वतःच्या विळ्याने. कापलेला वेल दोन्ही हातांत घेऊन ती जिना उतरत होती आणि मी दूध घेऊन वर येत होतो. मी भिंतीला चिकटून तिला वाट दिली. जिन्यावर जांभळी फळं सांडली होती. ती चुकवत मी वर गेलो.

यानंतर आई तीन वर्षं जगली. शेवटच्या दिवसांत जेवण तुटलं होतं. एका सकाळी म्हणाली, मायाळूची भाजी खावीशी वाटते. मी स्टेशनजवळच्या मार्केटमधून जुडी आणली. बायकोने केली. आईने एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"ह्यो तिचो पालो न्हय."

मग ती छताकडे बघत म्हणाली, "माका तेव्हा सगळा आयकाक इल्ला, झिला. दार उघडाच होता."

तीन वर्षं! तिला माहीत होतं. कांताताई नको म्हणत असताना आईने ऐकलं होतं, आणि तरी पाय पुढे केला होता, कारण पान मी बांधत होतो. नंतरही गप्प राहिली ती माझ्यासाठीच. म्हणाली, "वर जा. तिका खरा काय ता सांगान ये. माका बरा वाटात."

मी उठलो. जिना चढलो. कांताताईचं दार उघडं होतं, आतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. गॅलरीत तो रंगाचा डबा अजून होता, त्यात नुसती वाळलेली माती. मी तिथे उभा राहिलो — पाच मिनिटं, कदाचित सात — आणि खाली आलो.

आईने विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, हो. काय म्हणाली ती, आईने पुढे विचारलं.

मी म्हटलं, "ती म्हणाली, जाऊ द्या दादा. झालं ते झालं."

आईला इतकं बरं वाटलेलं मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. देवमाणूस आसा ती, म्हणाली. चौथ्या दिवशी गेली. कांताताई आली होती, आईच्या पायाला हात लावून पाया पडली आणि कोपऱ्यात बसून राहिली.

अजूनही ती वरच राहते. सकाळी तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली येतो, आमच्या दारासमोरून जातो. जाऊ द्या, असं तिने मला कधीच म्हटलेलं नाही. मी तिला काही सांगितलेलंच नाही.