धूर कुठल्या रंगाचा

माझं पोट रंगांवर चालायचं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारी एक लहानशी कंपनी होती. तिच्या प्रयोगशाळेत मी शेड जुळवायचं काम करायचे. गिऱ्हाइकाने पाठवलेला कापडाचा तुकडा आणि आमच्या रंगात बुडवलेला तुकडा खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरायचा आणि फरक सांगायचा. दोन लालांमधला फरक मला जेवढा कळायचा तेवढा साहेबांनाही कळत नसे, आणि हे चारचौघांत सांगायला मी कमी करत नसे. अशा माझ्या पाठच्या भावाला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही, हे तो वीस वर्षांचा होईपर्यंत घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

कळलं ते रेल्वेमुळे. लेखी परीक्षा पास झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत बाद. तिथे ठिपक्याठिपक्यांची पानं असलेलं एक पुस्तक समोर धरतात, रंगीत ठिपक्यांमध्ये वेगळ्या रंगाचा आकडा लपलेला असतो. खरवई गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर बसून तो म्हणाला, "ताई, बाकीच्यांना त्या पानावर आठ दिसत होता. मला तीन दिसला. मी तीन सांगितलं." लहानपणी परसातले कच्चे टोमॅटो तोडून आणायचा म्हणून मी त्याला कितीदा धपाटे घातले होते. ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी सैन्यभरती होती. तो रोज पहाटे खरवईहून अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत पळत जायचा आणि पळतच परत यायचा. छाती, उंची, दम, कशातच कमी नव्हता. अडचण एकच, ठिपक्यांचं पुस्तक तिथेही असणार. मी डोकं चालवलं. रेल्वेत सिग्नल असतात, त्यांनी बाद केलं ते ठीक. सैन्यात रंगाचं काय काम? कपडे हिरवे, गाड्या हिरव्या, तंबू हिरवे. आईही म्हणाली, "त्याला काय तिकडं साड्या निवडायच्यात?" आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

उल्हासनगरला आमच्या ओळखीचा एक सिंधी चष्मेवाला होता. त्याच्याकडे ते पुस्तक होतं. मी खोटंच सांगितलं की कंपनीत कामगारांचे डोळे तपासायचे आहेत. तो म्हणाला, "ले जाओ बहन, पण परवा वापस पायजे हां. आणि पन्नों पे उंगली नको लावू, रंग खराब होतो." दोन दिवस मी रजा टाकली. प्रयोगशाळेतून पुड्यांत बांधून आणलेले रंग कालवले आणि ड्रॉइंगच्या कागदावर एकेक ठिपका जसाच्या तसा उतरवला. भावाला माझं पान दाखवलं. त्याला तिथेही तीनच दिसला. इतकी हुबेहूब नक्कल जमली म्हणून मी खूश झाले. खूश!

मग घोकंपट्टी. पानं उलटसुलट दाखवतात म्हणून क्रम पाठ करून भागणार नव्हतं. तीन दिसला की आठ म्हणायचं. सत्तर दिसला की एकोणतीस. काहीच दिसलं नाही तर कडेच्या मोठ्या ठिपक्यांवरून पान ओळखायचं. महिनाभर मी त्याचा जीव खाल्ला. चुकला की हातावर पट्टी मारायचे आणि तो मुद्दाम विव्हळायचा. भरतीत तो पास झाला तेव्हा कात्रपच्या बाजारातून पेढे आणून मी अख्ख्या कंपनीत वाटले.

प्रशिक्षण संपून तो डोंगरातल्या एका ठाण्यावर गेला आणि तिथून त्याचं आंतरदेशीय पत्र आलं. संध्याकाळी मी ते आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवत होते. त्याने लिहिलं होतं, इथे रंगीत धुराचे डबे असतात, पिन ओढून फेकले की ढगासारखा धूर निघतो. हेलिकॉप्टरला कुठे उतरायचं ते दाखवायला धूर, जखमी कुठे आहेत ते दाखवायला धूर, आपली माणसं कुठवर पोचली ते मागच्या तोफांना कळवायला धूर. कुठल्या रंगाचा अर्थ काय ते आधी ठरलेलं असतं. गंमत म्हणजे धूर फेकणाऱ्याने वायरलेसवर रंग सांगायचाच नाही. शत्रू ऐकत असतो, तोही त्याच रंगाचा धूर सोडून फसवू शकतो. म्हणून बघणाऱ्याने सांगायचं, मला हिरवा दिसतोय. मग फेकणाऱ्याने म्हणायचं, बरोबर.

वाचता वाचता मी मध्येच थांबले. आई म्हणाली, "पुढं वाच की." पुढे फक्त तब्येतीची विचारपूस होती. डब्यावर तरी नाव छापलेलं असतं, ते तो वाचू शकत होता. पण दुसऱ्याने फेकलेला धूर? बघणाऱ्याने सांगायचं होतं, आणि माझ्या भावाला मी बघायला नाही, बघितल्यासारखं सांगायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत एकटी थांबले. पॉलिस्टरच्या रंगांची पूड तापवली की तिची वाफ होते. चिमूटभर लाल पूड पत्र्यावर टाकून बर्नरवर धरली. लाल धूर वर गेला. डोळे बारीक करून, अर्धवट मिटून, सगळ्या तऱ्हांनी पाहिलं. मला तो लालच दिसत राहिला. त्याच्या डोळ्यांनी बघायची काही सोय नव्हती आणि मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

फौजेची पत्रं उघडून वाचतात असं ऐकलं होतं, म्हणून मी लिहिलं, "तिकडे टोमॅटो पिकले की नाही ते तुला कोण सांगतं?" वीस दिवसांनी उत्तर आलं. "साताऱ्याकडचा एक जोडीदार आहे. त्याला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. तो कायम माझ्याबरोबर असतो, टोमॅटो तोच बघून देतो. काळजी करू नको." त्या न पाहिलेल्या माणसासाठी मी शिवमंदिरात जाऊन बेल वाहिला. त्याच रात्री भावाच्या साहेबांना खरं काय ते सांगणारं पत्रही लिहिलं. ते टाकलं असतं तर भावाला खोटेपणासाठी हाकललं असतं, वडिलांना गावात तोंड दाखवता आलं नसतं. पत्र डब्याच्या पिशवीत घालून मी कितीतरी महिने कंपनीत नेलं आणि परत आणलं. वाटेत टपालपेटी होती.

दोन वर्षांनी तो न कळवता घरी आला. निम्मा झाला होता. तिसऱ्या दिवशी मीच त्याला शिवमंदिराकडे घेऊन गेले. मंदिराशेजारच्या नाल्यात तेव्हा कारखान्यांचं पाणी यायचं, रोज वेगळ्या रंगाचं. पुलाच्या कठड्याला टेकून त्याने सांगितलं.

एक तुकडी वरच्या कड्यावर चढत होती. या वेळी जोडीदार त्या तुकडीत होता. भाऊ खाली, वायरलेसपाशी. वरच्यांचा वायरलेस बंद पडला, त्यामुळे धूर एवढाच निरोप. हिरवा म्हणजे आम्ही पोचलो, तोफा थांबवा. लाल म्हणजे शत्रू अजून आहे, मारा चालू ठेवा. धुकं होतं, आणि कडा फक्त भावाच्या जागेवरून दिसत होता. धूर निघाला. साहेबांनी वायरलेसवर विचारलं, कुठला?

"शेजारी बघितलं ताई. सवयीने. तिथं कुणी नव्हतं."

त्याने लाल सांगितलं. धूर हिरवा होता आणि तो जोडीदारानेच फेकला होता. तोफेचा आणखी एक गोळा पडला. जोडीदार वाचला, त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

मी कठडा घट्ट धरला. विचारलं, "जोडीदाराने काय सांगितलं?"

"धुक्यामुळे कुणालाही कळलं नसतं, असं लिहून दिलं त्याने. मी दवाखान्यात गेलो तर म्हणाला, गप बस, आता बोललास तर दोघंही जाऊ." तो नाल्यातल्या पाण्याकडे बघत होता. "चौकशी आहे. परत गेलो की आमच्या सगळ्यांचे डोळे तपासणार. मी बाद झालो तर तो खोटं बोलला हे उघड होईल. पाय गेलाय त्याचा, ताई, वर आणखी हे." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुझी ती पानं आहेत ना अजून?"

पानं होती. ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. रंग जराही उडाले नव्हते, माझं काम पक्कं होतं. दुपारी आई शेतावर गेल्यावर आम्ही ओटीवर बसलो. मी एकेक पान धरत होते आणि तो न अडखळता आकडे सांगत होता. मला एकच गोष्ट दिसत होती. हा पास झाला की पुन्हा त्याच डोंगरात जाणार, पुन्हा कुणीतरी विचारणार, धूर कुठला, आणि शेजारी कुणी नसणार. एका पानावर जरी चुकला तर घरी येईल. बदनाम होऊन येईल, जोडीदाराला घेऊन बुडेल, पण येईल. मला त्या परक्या माणसाचा पायसुद्धा त्या क्षणी दिसेनासा झाला, हे कबूल करते.

मी ते तीन-आठाचं पान काढलं. "आठ," तो म्हणाला.

"चूक," मी म्हणाले. "तेव्हा माझ्याकडून नक्कल करताना घोळ झाला होता. इथे तीन म्हणायचं."

त्याने पान माझ्या हातातून घेतलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, फसला. मग त्याने ते परत माझ्या मांडीवर ठेवलं. रागावला नव्हता.

"तीन मला दिसतो, ताई," तो म्हणाला. "आहे तो आठ. पुढचं पान दाखव."