मामाच्या वाटेवरचा हुंकारा

मी कथा लिहिते, माझ्या नवऱ्याला चार ओळी धड लिहिता येत नाहीत, तरी आमच्या घरात गोष्टी सांगणारा म्हणून नाव त्याचंच आहे. माझ्या कथेला संपादकाच्या उत्तराची वाट पाहावी लागते. त्याच्या गोष्टीला फक्त हुंकारा लागतो. ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. हुंकारा थांबला की गोष्टही थांबते, मग पुढं राजा जगो की मरो, सांगणारा तोंड उघडत नाही. आमची मुलगी लहान होती तेव्हा तिचा हुंकारा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा.

एका पावसाळ्यात ती तापानं पडली होती. शाळा बुडाली, लाइट गेलेली, नवरा रजा काढून तिच्या उशाशी बसलेला. माझा भाऊ एटापल्लीला नोकरीला होता. भाचीला पाहायला म्हणून तो सकाळीच मोटरसायकलनं आमच्याकडे, कुरखेड्याला यायला निघाला होता. दुपारी मुलीनं बापाकडे गोष्टीचा हट्ट धरला आणि त्यानं अस्वलाची सुरू केली. अस्वलाला भर पावसात मध काढायचा होता, म्हणून ते छत्री घ्यायला बाजारात निघालं. "हूं." वाटेत नाला लागला. "हूं."

तेवढ्यात शेजारच्या काकू धानाच्या रोवण्यावरून, म्हणजे भाताच्या लावणीवरून, घरी जाताना आमच्या दारात टेकल्या. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"काऊन भाऊ, दिवसा गोष्ट सांगून राह्यले?" त्या म्हणाल्या. "पोरीचा मामा वाट चुकते ना!"

आमच्या भागात हे सगळेच म्हणतात. पोरं दिवसा गोष्टीत रमली तर कामं पडून राहतात, म्हणून कुणीतरी शोधलेली ही युक्ती असावी. त्यासाठी बिचाऱ्या मामालाच का वेठीस धरलं, देव जाणे. आम्ही दोघं हसलो. मुलगी हसली नाही. तिनं हुंकारा बंद केला आणि अस्वल नाल्याच्या काठावरच राहिलं.

संध्याकाळ झाली तरी भाऊ आला नाही. फोनही लागेना. जंगलाच्या रस्त्यात रेंज नसते, हे मी मुलीला समजावलं. पावसानं रस्ते कसे अडतात तेही समजावलं. मामाचा आणि गोष्टीचा काही एक संबंध नसतो, हे तर चांगलं ठासून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग मामा अजून आला काऊन नाई?"

मी पुन्हा फोन लावून पाहिला. ती न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपली. मला काकूंचा राग आला, गोष्ट सांगणाऱ्या नवऱ्याचा आला, पावसाचाही आला. खरं म्हणजे मी घाबरले होते.

सकाळी भाऊ दारात उभा राहिला, नखशिखांत चिखलानं माखलेला. पुलावरून पाणी होतं म्हणून तो आतल्या रस्त्यानं शिरला, एका फाट्यावर चुकला आणि अंधार पडता पडता भलत्याच गावात पोहोचला. तिथल्या एका गोंड कुटुंबानं त्याला जेवू घालून रात्रभर ठेवून घेतलं होतं. मी त्याला काकूंची सगळी हकीगत सांगितली आणि बजावलं, "पोरीले वाट चुकलो म्हणून सांगू नको. गाडी बिघडली म्हण."

आत मुलगी अंथरुणात उठून बसली होती. "मामा, तू वाट चुकला होता का?"

"हो, चुकलो," तो म्हणाला.

तिथंच त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला मला. मुलीचे ओठ थरथरायला लागले.

"पण पुढचं तं आयक," तो तिच्याजवळ बसत म्हणाला. "फाट्यावर उभा होतो. दोन्ही रस्ते सारखेच. कुठी जावं समजेना. इतक्यात एका बाजूनं आवाज आला, हूं. म्हटलं, हा तं आपल्या पोरीचा हुंकारा! त्याच बाजूनं गेलो, तं गाव लागलं."

मुलगी विचारात पडली. "पण मी तं दुपारीच बंद केला होता."

"जंगलात आवाज उशिरा पोहोचते ना, बाई."

"मंग मी बंद नसता केला, तं तू घरीच आला असता?"

भाऊ अडकला. माझ्याकडे पाहून त्यानं डोकं खाजवलं. "आता मी जाईन तवा चालू ठेवजो," तो म्हणाला. ती हसली आणि तिनं आदल्या दिवसापासून पहिल्यांदा जेवायला मागितलं. मला बरं वाटलं, पण मी भावावर चिडलेही. एक खूळ काढून त्यानं तिच्या डोक्यात दुसरं भरलं होतं.

भाऊ परत निघाला त्या दिवशीही पाऊस होताच. मोटरसायकल वळणाआड गेली न गेली तोच मुलीनं बापाला बसवलं. "मामा निघाला. सांगा आता." अस्वल पुन्हा नाल्याच्या काठावर आलं. हुंकारा खणखणीत सुरू झाला. मी स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होते आणि अंधश्रद्धेवरचं एक भाषण मनातल्या मनात तयार करत होते.

तापातून नुकतीच उठलेली पोर. थोड्या वेळानं हुंकारा बारीक झाला, मग बंदच पडला. तिला झोप लागली होती. रीतीप्रमाणे नवराही थांबला. टिनावर पाऊस वाजत होता. जंगल ओलांडलं की फोन करतो म्हणून भाऊ सांगून गेला होता, तो अजून आला नव्हता. या वेळी तो त्या फाट्याच्या आसपास असेल, असं माझ्या मनात आलं.

"हूं," मी स्वयंपाकघरातून म्हटलं.

नवऱ्यानं मान वळवून पाहिलं. माझी मलाच लाज वाटली. "थांबले काऊन?" मी म्हटलं. "म्हटलं ना हूं."

तो मला चिडवेल असं वाटलं होतं. पण त्यानं गोष्ट पुढं सुरू केली. अस्वलानं नाला ओलांडला, मग दुसरा नाला लागला, मग तिसरा. फोन वाजेपर्यंत त्यानं अस्वलाला बाजारात पोहोचू दिलं नाही आणि मीही हुंकारा सोडला नाही.