गल्लीला मिळालेली सूट

वहिनीचं डायलिसिस सुरू झालं त्याच हिवाळ्यात आमच्या भागाच्या विधायकांनी, म्हणजे आमदारांनी, गल्लीत सभा घेतली. त्यांची माणसं आदल्या दिवशी दारोदार सांगून गेली होती की करमाफीची माहिती द्यायला आणि पुढच्या योजना सांगायला विधायकजी स्वतः येणार आहेत, घरटी एकानं तरी यावं.

घरात आम्ही तिघंच होतो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दुर्गाघाटावर यात्रेकरूंची श्राद्धं-तर्पणं करायचा. महाराष्ट्रातून येणारे लोक त्याच्याकडेच उतरायचे, त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली ठेवलेली होती. वहिनी इंदूरची. लग्न होऊन काशीत आली तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य तिच्याच हाताखाली गेलं. मी लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत हिंदी शिकवली आणि निवृत्त होऊन घरी बसले. दादाचा मुलगा बंगळुरूला असतो.

वहिनीला आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यावं लागे. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, रिक्षाही येत नाही. वरच्या रस्त्यापर्यंत जायचं तर लांबलचक चढ, मध्ये गायी, मोटरसायकली आणि दोन अशी वळणं की समोरून माणूस आला तर आपण भिंतीला चिकटायचं. त्यापेक्षा घाट सोपा. घाटावरच्या मल्लाहांपैकी, म्हणजे नावाड्यांपैकी, दोघे भाऊ वहिनीला लाकडी खुर्चीत बसवून पायऱ्या उतरायचे, नावेतून राजघाटाच्या बाजूला न्यायचे, आणि तिथून ऑटो मिळायची. पहिल्या दिवशी खुर्ची उचलली तेव्हा वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली होती, "वन्सं, लग्नातसुद्धा मला पालखी नव्हती."

ते सगळं ठीक चाललं होतं. दादाला काळजी होती ती पावसाळ्याची. गंगा चढली की नावा बंद होतात, प्रशासनच बंद करतं, आणि ते योग्यच आहे. पण मग वहिनीला न्यायचं कुठून?

सभा वेदशाळेच्या ओसरीत होती. विधायक मध्यमवयीन, सावळे, हळू बोलणारे. बूट बाहेर काढून सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले. मी आयुष्यभर मुलींना सोपी हिंदी लिहायला शिकवलं, त्यामुळे असेल, पण त्यांची भाषा मला आवडली. थकलेल्या गृहकरावरचं व्याज माफ झालं आहे, पाणीपट्टीचंही तेच, आणि घाटाकडच्या जुन्या दगडी घरांना इथून पुढे करात सूट मिळेल, हे त्यांनी कुठेही घोळ न घालता सांगितलं. लोकांना ते खरंच हवं होतं. कितीतरी घरांत एकटी म्हातारी माणसं उरली आहेत, त्यांना कर म्हणजे महिनोन्महिने छातीवर दगड. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी डोळे पुसले.

मग पुढच्या योजना आल्या. गल्लीत नवी फरशी, घाटावर नवे दिवे, पर्यटकांसाठी तरंगता धक्का. मराठ्यांनी बांधलेल्या घाटांवर मराठीतही पाट्या लागणार होत्या. त्यांतल्याच राजा घाटाचं नाव त्यांनी घेतलं, तसे आमचे काही मराठी लोक सरसावून बसले.

दादा तेव्हा उभा राहिला. मी चकितच झाले. कुणाकडे काही मागायचं हे त्याच्या स्वभावात नव्हतं, लोक त्याच्यापुढे बसायचे आणि तो सांगेल तसं करायचे. त्यानं आधी करमाफीबद्दल आभार मानले. मग विचारलं, की नदीला पूर आला आणि घरात माणूस आजारी असलं तर त्याला बाहेर कसं काढायचं. आपल्या बायकोचं सांगितलं, पलीकडच्या गल्लीतल्या अर्धांगाच्या रोग्याचंही सांगितलं. मोठं काही नको, म्हणाला. एक अरुंद स्ट्रेचर, वळणावर वळेल असा, आणि तो उचलायला शिकलेली चार माणसं, तेवढी पावसाळ्यापुरती मोहल्ल्यात ठेवा.

विधायकांनी मध्ये न तोडता ऐकलं. सचिवाला लिहून घ्यायला सांगितलं आणि उठून दादाजवळ आले. "गुरुजी, बाढ़ आने से पहले यह काम हो जाएगा," ते म्हणाले. "मेरे ऊपर छोड़ दीजिए."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. सभा संपल्यावर वहिनीला बघायला आमच्या घरी आले. आमचा जिना उभा आणि अंधारा, वर येईपर्यंत त्यांना चांगलाच दम लागला. वहिनीच्या पाया पडले, चहा घेतला, तिच्या औषधांची चौकशी केली. ते गेल्यावर दादाचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. मी वहिनीला विचारलं, कसे वाटले. ती म्हणाली, "माणूस चांगला आहे गं. पण जिना चढताना किती धापा टाकत होता. ज्याला स्वतःला चढवत नाही तो मला काय उतरवणार?" मग हसली. आम्हीही हसलो.

होळीच्या सुमाराला करातली सूट प्रत्यक्ष मिळाली. दादा त्या दिवशी मिठाई घेऊन आला. त्याला कराचं इतकं नव्हतं. एक शब्द खरा झाला, म्हणजे दुसराही होईल, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. उन्हाळ्यात तो विधायकांच्या कार्यालयात जाऊन आला. तिथल्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, प्रस्ताव वर गेला आहे म्हणून सांगितलं. पुन्हा गेला तेव्हा प्रस्ताव अजून वरच होता. आषाढात तो तिसऱ्यांदा निघाला, तर वहिनीनंच अडवलं. उकाड्यात कशाला जाता, म्हणाली, वर गेलेली गोष्ट आपली आपण खाली येईल.

त्या वर्षी पाणी लवकर चढलं. रोज सकाळी खिडकीतून बघावं तर कालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. नावा बंद झाल्या. मल्लाह भावांनी मग गल्लीतून न्यायला सुरुवात केली. एक पुढे, एक मागे, मी छत्री घेऊन बरोबर आणि दादा पुढे धावत जाऊन गायी हाकलत. वळणावर खुर्ची तिरपी करावी लागे, तेव्हा वहिनी डोळे मिटून घ्यायची. असं काही वेळा निभावलं. मग एका सकाळी परत येताना ओल्या दगडावरून त्या मल्लाहांपैकी थोरल्याचा पाय सरकला. वहिनीला त्यानं पडू दिलं नाही, स्वतः खाली आला आणि खांद्याचं हाड मोडून बसला. त्याच्या जागी दुसरा कुणी मिळेना. पुराच्या दिवसांत मल्लाहांच्या स्वतःच्याच घरांत पाणी शिरलेलं असतं.

दादानं विधायकांना फोन केला. त्यांनी स्वतः उचलला. ते लखनौला अधिवेशनात होते. वाईट वाटलं त्यांना, आवाजावरून कळत होतं. आजच माणसं पाठवतो, म्हणाले, आणि पाठवली. दोन कार्यकर्ते दुपारी आले. त्यांच्या हातात पूरग्रस्तांसाठीची पाकिटं होती, चिवडा, गूळ, मेणबत्त्या. ती त्यांनी आधी दिली. मग मी त्यांना कशासाठी बोलावलं आहे ते सांगितलं. बिचाऱ्यांनी हो म्हटलं. चपला काढून जिना चढले, खुर्ची उचलली, पण त्यांना त्यातलं काहीच येत नव्हतं. गल्लीच्या पहिल्याच वळणावर खुर्ची भिंतीत अडकली. पुढे जाईना, मागे येईना. वहिनीला उलटी झाली. वरून पाऊस. दादा त्या दोघांना इकडून धरा, तिकडून धरा करत होता. शेवटी वहिनी म्हणाली, "घरी चला."

ते डायलिसिस चुकलं. पुढचंही चुकलं. डॉक्टरांनी फोनवरून पाणी अगदी कमी द्यायला सांगितलं. मी चमच्यानं द्यायचे. दादा दिवसभर बाहेर माणसं शोधत हिंडायचा, रामघाटापर्यंत जाऊन यायचा, भिजून परतायचा. वहिनीला आडवं होता येईना, मी तिला लोडाला टेकवून बसवून ठेवलं होतं. बोलताना ती मध्येच थांबायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, मला श्वास लागतो हे ह्यांना सांगू नका. परत फोन करायला उठतील, आणि उगाच हेलपाटा."

मी सांगितलं नाही. सांगून तरी दादा काय करणार होता, हे मी स्वतःला तेव्हाही विचारलं आणि पुढेही विचारत राहिले. त्याला दिसत होतंच. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला, दादा घरात असतानाच, ती गेली. खिडकी उघडी होती आणि खाली पाण्याचा एकसारखा आवाज येत होता.

माणसं मग आली. कुणाला बोलवावं लागलं नाही. वेदशाळेतून आली, शेजारच्या घरांतून आली, ते दोन कार्यकर्तेही आले. खांदा द्यायला इतके हात की दादाला पुढे व्हायला जागा करून द्यावी लागली. तिरडी अरुंद असते. ज्या वळणावर खुर्ची अडकली होती तिथून ती न थांबता गेली. मी दारात उभी राहून बघत होते. मणिकर्णिकेवर पाणी वरपर्यंत आलेलं, त्यामुळे दहन वरच्या गच्चीवर झालं.

तेरावा झाल्यावर विधायक भेटायला आले. आमच्यासमोर बसून रडले. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. स्ट्रेचर मंजूर झाला आहे, म्हणाले, थोडासाच उशीर झाला. दादानं मान हलवली आणि त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सभा झाली. या वेळी ओसरीत छोटं व्यासपीठ होतं, मागे फलक, माइक. ज्यांना करात सूट मिळाली त्यांच्यापैकी काहींनी वर येऊन दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं, आणि त्यात दादाचं नाव होतं. मला वाटलं तो नाही म्हणेल. तो म्हणाला, जाईन. सकाळी त्यानं नवं उपरणं काढलं. वाटेत मला म्हणाला, "आज मी तिचं नाव घेणार आहे. सगळ्यांसमोर. काय काय झालं ते पहिल्यापासून सांगणार आहे."

मी पुढच्याच रांगेत बसले. विधायकांनी वर्षभराचा आढावा दिला. सूट आणखी वाढवण्यासाठी ते लखनौत बोलत होते, धक्का होणार होता, दिवे लागलेच होते. मग त्यांनी दादाला वर बोलावलं, आमच्या मोहल्ल्यातले सगळ्यांत जुने गुरुजी म्हणून ओळख करून दिली. दादा माइकसमोर उभा राहिला. तोंड उघडलं. तेवढ्यात विधायक पुढे आले, वाकले आणि त्याच्यापुढे डोकं नमवून उभे राहिले.

दादाचा हात वर गेला. त्यांच्या डोक्यावर टेकला. आणि त्याच्या तोंडून आशीर्वादाचा मंत्र निघाला, स्पष्ट, खणखणीत, जसा हजारो यात्रेकरूंना देताना निघत आला तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढले. विधायकांनी त्याला हाताला धरून खाली आणून सोडलं.

घरी येऊन त्यानं उपरणं काढून ठेवलं. मी त्याच्यासाठी दूध गरम केलं. पेला त्यानं हातात घेतला. मग म्हणाला, "बोलणार होतो मी. पण त्यानं डोकं पुढे केलं, आणि मला दुसरं काही येत नाही गं."

दूध गार झालं, ते मी पुन्हा गरम करून दिलं.

त्यानंतर त्यानं श्राद्धासाठी येणारे यजमान घेणं हळूहळू बंद केलं. स्ट्रेचर आला, असं ऐकलं. वॉर्डाच्या कार्यालयात ठेवला आहे म्हणतात. चाकांचा आहे, आमच्या पायऱ्यांवर कसा चालणार ते कुणाला माहीत नाही. भाचा फोन करतो, बंगळुरूला या म्हणतो. दादा रिसीव्हर माझ्याकडे देतो.

गेल्या महिन्यात त्यानं मला त्याचं अंथरूण खाली हलवायला लावलं, यात्रेकरूंच्या खोलीत. ती खोली ओलसर आहे, दिवसाही दिवा लागतो, आणि पूर मोठा आला तर पहिलं पाणी तिथेच शिरतं. मी हे सगळं त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, तिथून न्यायला सोपं जाईल, जिना नाही. मग मी वाद घातला नाही. गादी उन्हात टाकली, खोली पुसून घेतली आणि संध्याकाळच्या आत त्याचं सामान खाली नेलं.