किमान वेतनाची पाटी

नव्वदीच्या मधल्या वर्षांत महाडच्या एमआयडीसीत मी एका ठेकेदाराकडे टाइमकीपर होतो. अक्षर देखणं आणि शिमग्याच्या खेळात राजाचं सोंग घ्यायची हौस, म्हणून दोन कामं आपसूक माझ्याकडे आली. एक, सरकारी किमान वेतनाची पाटी रंगवणं. दुसरं, इन्स्पेक्टर येणार असला की ती गोदामातून काढून फाटकाशी टांगणं आणि तो गेला की उतरवणं. रसायनांची पिंपं धुणाऱ्या चाळीस बायकांकडून संवादही मीच पाठ करून घ्यायचो. इन्स्पेक्टरनं विचारलं, किती मिळतात? तर म्हणायचं, पाटीवर आहेत तेवढे. हातात निम्मेच पडत.

त्यांतली एक पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. बिरवाडीत खोली घेऊन एकटीच्या मजुरीवर दोन मुलींना शिकवायची. जेवणाच्या सुट्टीत मी तिला सही शिकवली, मग अक्षरं, मग आकडे. पगारपत्रकावर एकोणचाळीस अंगठे आणि तिची ठसठशीत सही. ते पान मी येईल त्याला दाखवायचो, जणू मीच हेडमास्तर.

एकदा इन्स्पेक्टर चहा पिऊन गेला आणि मी पाटी उतरवायला विसरलो. सकाळी फाटकाशी घोळका, पण आवाज तिचा एकटीचाच. ती बोट फिरवत वाचत होती. आकडा आला तशी थांबली, मागं वळून बघितलं. सगळ्या आत गेल्या.

पाटी कुणीतरी मोठ्यानं वाचली, एवढं रखवालदारानं वर कळवलं. कोण ते त्याला घोळक्यात दिसलं नव्हतं. दुपारी ठेकेदार आला. चिडला नाही, खुर्ची मागवून सावलीत बसला. नाव कळलं की तिला उद्यापासून फाटक बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं एकेकीला बोलावून विचारलं.

"आमाला वाचता नाय येत, शेठ."

चाळीस जणी, चाळीस वेळा तेच, आणि एकीचीही पापणी हलली नाही. मी बसवलेलं एकही नाटक इतकं रंगलं नव्हतं. टाळी वाजवायची तेवढी बाकी होती.

ठेकेदार हसला. "बरं झालं. काय रे नटा, ते पगारपत्रक आण जरा."

कपाट दहा पावलांवर. किल्ली हरवली म्हणता आलं असतं. जन्मभर लोकांना थापा मारल्या, त्या दहा पावलांत एक सुचली नाही. मी पगारपत्रक आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याला पान शोधावं लागलं नाही. इतक्यांदा दाखवलेलं ते पान आपणहून उघडलं.